उघड्या दारांची वाट

येशूला क्रुसावर दिल्याला तिसरा दिवस होता. त्याचे दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस नावाच्या खेड्याकडे पायी निघाले होते. मने खचलेली, चेहरे उतरलेले. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना येऊन मिळाला आणि बोलत बोलत बरोबर चालू लागला. गाव आले, दिवस कलला. वाटसरू पुढे जाऊ लागला, तेव्हा दोघांनी आग्रहाने त्याला ठेवून घेतले. जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली, आणि त्या क्षणी त्यांना ओळख पटली, की हा तर आपला येशूच! लूकच्या शुभवर्तमानातील ही कथा. वाटभर शेजारून चालताना जो ओळखू आला नाही, तो घरात घेतल्यावर ओळखू आला. ख्रिस्ती पदयात्रेचे मर्म या एका गोष्टीत आहे. चालणे ही अर्धी साधना. उरलेली अर्धी दार उघडणाऱ्याच्या हाती असते.

स्पेनमधील सिलोस येथील मठात इ. स. ११०० च्या सुमारास कोण्या शिल्पकाराने हाच प्रसंग दगडात कोरला. त्याने एक मोठी गोड कल्पना लढवली. येशूच्या झोळीवर त्याने एक शिंपला काढला. हा शिंपला म्हणजे सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या यात्रेकरूची खूण. वारकऱ्याच्या गळ्यातल्या तुळशीमाळेसारखी. शिंपला लावून जो दाराशी येईल तो कोण आहे ते नीट पाहा, असेच जणू त्याला सांगायचे होते.

येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची कबर स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सापडल्याचे वर्तमान नवव्या शतकात पसरले. तेथील अस्थी खरोखर याकोबाच्याच का, याचा पुरावा इतिहासाला देता येत नाही. पण पाय पुराव्यासाठी थांबले नाहीत. पुढील दोन-तीन शतकांत फ्रान्समधून पिरेनीज पर्वत ओलांडून माणसांची रीघ लागली. हाती काठी, बरोबर पाण्याचा तुंबा, आणि पुढे पर्वतापासून सुमारे ८०० किलोमीटरची चाल. ऊन, बर्फ, नद्या, चोर. या लोकांना रात्री आसरा द्यायचा कोणी?

उत्तर जुनेच होते. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टाने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे ५३ वे प्रकरण पाहुण्यांविषयी आहे. आलेला प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच समजावा, मठाधिपतीने त्याच्या हातांवर पाणी घालावे, सर्वांनी मिळून त्याचे पाय धुवावेत, असे तो सांगतो. त्यातही गरिबांची आणि यात्रेकरूंची काळजी अधिक घ्यावी. कारण श्रीमंताचा मान त्याचा दराराच करवून घेतो! मात्र बेनेडिक्ट भाबडा नव्हता. पाहुण्याच्या रूपाने सैतानही फसवील, म्हणून आधी एकत्र प्रार्थना करावी आणि मगच शांतीचे चुंबन द्यावे, असेही तो बजावतो. सावध असा, पण दार लावू नका, असा त्याचा रोख.

या वृत्तीवर ती सारी वाट उभी राहिली. पर्वत उतरताच रोन्सेस्व्हायेस येथे बाराव्या शतकात मोठे अतिथिगृह झाले. तेथे यात्रेकरूंचे पाय धुतले जात, दाढी केली जात, आजाऱ्यांची सेवा होई. आणि त्याची थोरवी गाणारी एक जुनी लॅटिन कविता सांगते, की ते दार ख्रिस्ती नसलेल्यांनाही मोकळे होते. आणखी पुढे दोमिंगो नावाचा एक साधा मनुष्य होता. मठात राहण्याची त्याची फार इच्छा. पण मठांनी त्याला घेतले नाही. मग त्याने रानातून वाट काढली, नदीवर पूल बांधला, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. ११०९ मध्ये तो वारला. त्याच्या नावाचे गाव, सांतो दोमिंगो दे ला काल्सादा, आजही त्या वाटेवर आहे. ज्याला दाराबाहेर ठेवले, त्यानेच इतरांसाठी दार केले!

अशा अतिथिगृहांना हॉस्पिटल म्हणत. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे येऊन ‘इस्पितळ’ झाला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘होस्पेस’ आहे; आणि मौज अशी, की या एकाच शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही.

सगळेच यजमान उदार होते असे मात्र नाही. बाराव्या शतकातील ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या ग्रंथात यात्रेकरूंसाठी वाटेची माहिती आहे. तिच्या शेवटी आपल्या श्रावणातल्या कहाण्यांची आठवण व्हावी अशा गोष्टी येतात. एका बाईने निखाऱ्यात भाकर ठेवली असताना यात्रेकरूला ‘नाही’ म्हटले. मागाहून पाहते तो भाकरीच्या जागी गोल दगड! प्वात्ये शहरात दोघा यात्रेकरूंना गल्लीतील सर्वांनी परतवले. शेवटच्या घरातील एका गरिबाने मात्र आत घेतले. त्या रात्री आग लागून सारी गल्ली जळाली, तेवढे एक घर वाचले. गोष्टी खऱ्या असोत वा नसोत. मिटलेल्या दारांचा अनुभव त्यांच्यामागे खासच असणार.

पुढे दारे मिटतच गेली. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी यात्रांवर टीका केली, युद्धांनी रस्ते धोक्याचे केले, आणि यात्रेकरूचा वेष घेऊन भामटे हिंडू लागले. अखेर १५९० मध्ये राजा दुसरा फिलिप याने आपल्या प्रजेला तो वेष करण्याचीच मनाई केली. ज्या झोळीत शिल्पकाराला येशू दिसला, तिच्यात राजाला चोर दिसू लागला! विसाव्या शतकाच्या मध्याला त्या वाटेने चालणारे फार थोडे उरले होते.

मग ओ सेब्रेरो या डोंगरी खेड्यातील धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी तेथले जुने अतिथिगृह पुन्हा उभे केले, आणि १९८४ मध्ये पिवळा रंग घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत ते सारी वाट फिरले. १९८९ मध्ये ते निवर्तले. पण २०२४ साली सुमारे ५ लाख लोकांनी यात्रा पुरी केल्याची नोंद सांतियागोत झाली. त्यांत भाविक आहेत, तसे नुसते हौशीही आहेत. पुष्कळ जण खोली आधी ठरवून येतात, पैसे मोजून राहतात. तरी काही धर्मशाळांत अजून भाडे नाही; दाराशी दानपेटी असते, ज्याला जमेल तसे त्याने टाकावे.

तेथे झाडलोट करणारे, रात्री सर्वांना एका पंगतीला बसवणारे स्वयंसेवक असतात. ते बहुधा पूर्वी ही वाट चाललेलेच. कधीकाळी दमून, पाय फोडांनी भरून ते अशाच एका दाराशी उभे राहिले होते, आणि कोणीतरी नावगाव न विचारता त्यांना आत घेतले होते. ते ऋण फेडायचे, तर ज्याचे घेतले तो आता सापडणार कोठे? म्हणून संध्याकाळ झाली की ते दारात येऊन उभे राहतात आणि वाटेकडे पाहतात.