वरातीपुढचा बँड आणि त्याच्याकडे पाठ केलेला कॅमेरा

१/
बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा हे गाव आहे. अशा गावातील एखाद्या घरचा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा लग्नाचा अल्बम उघडला, तर त्यात नवरदेव, घोडा, वरमाई, नाचणारे मित्र हमखास भेटतात. ज्यांच्या वाजवण्याने मिरवणुकीची वरात झाली ते वादक मात्र बहुधा भेटत नाहीत. भेटलेच, तर चौकटीच्या कडेला अर्धे कापले गेलेले असतात. या अनुपस्थितीला मोठा इतिहास आहे.

२/
वाजवणाऱ्या माणसाचे, वाजवतानाचेच छायाचित्र मिळण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. हलता हात टिपू शकणारे तंत्र हवे आणि तो हात टिपावा असे वाटणारा, त्यासाठी खर्च करणारा कोणीतरी हवा. पहिली अडचण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीचशी सुटली. दुसरी कोणासाठी सुटली आणि कोणासाठी नाही, हा या धाग्याचा विषय.

३/
मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्या सुमारास रुळू लागलेली ओल्या काचेची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यायचे आणि लगेच काच धुऊन काढायची. प्रकाश घ्यायला बहुधा काही सेकंद लागत. तबल्यावरचा हात तेवढ्या वेळात कितीतरी बोल वाजवून मोकळा होतो. काचेवर उरला असता तो केवळ धुरकट डाग.

४/
म्हणून वादकांना वाद्य हातात घेऊन निश्चल बसवले जाई. नर्तकी, मागे सारंगिया आणि तबलजी, असे समूहचित्र हा त्या काळच्या व्यावसायिक स्टुडिओंचा आवडता विषय होता. सारंगीवर गज टेकलेला असे, पण सूर उमटत नसे. एकोणिसाव्या शतकातील अशा छायाचित्रांना ‘मैफल’ म्हणणे चुकीचे ठरेल. ती मैफलीची मांडणी होती.

५/
विल्यम जॉन्सन याचा मुंबईतील जातीजमातींवरचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत निघाला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपून दुसऱ्याच दृश्याच्या पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. ‘द पीपल ऑफ इंडिया’ ही सरकारी ग्रंथमाला १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाली. अशा ग्रंथांत चित्राखाली मुख्यतः जातीचे किंवा जमातीचे नाव येई. त्या विशिष्ट माणसाचे नाव क्वचितच येई.

६/
ही सवय तंत्रापेक्षा चिवट निघाली. कोरड्या काचा आल्या, प्रकाश घेण्याचा वेळ घटला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत भुकटी तयार झाली आणि अंधारातही छायाचित्र घेता येऊ लागले. पण एक भडका, मग धुराचा लोट: चालू कार्यक्रमात हे कोण सहन करणार? वादक पुन्हा स्टुडिओतल्या पडद्यासमोरच उभा राहिला.

७/
याच शतकात पितळी वाद्यांचा बँड छावणीतून गावात उतरत होता. इंग्रजी पलटणींचे बँड, त्यांच्या अनुकरणाने संस्थानिकांनी ठेवलेले बँड आणि पुढे लग्नसराईवर जगणारे खासगी बँड, असा हा प्रवास आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ढोल ही परकी वाद्ये दोन-तीन पिढ्यांत इथल्या लग्नाची झाली. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांचा ‘ब्रास बाजा’ हा २००५ चा ग्रंथ या बँडवाल्यांच्याच जगाविषयी आहे.

८/
वऱ्हाडात या बदलांना कापसाची बाजारपेठ आणि रेल्वे यांची पार्श्वभूमी होती. भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तेथे आले होते. बँड आणि फोटो स्टुडिओ हे दोन्ही धंदे बाजारपेठेच्या गावाचे. तिथून ते आसपासच्या गावांत सुपारी घेऊन जात.

९/
मात्र ढोल परका असला तरी तो वाजवणारे हात गावगाड्यातलेच होते. लग्नात सनई, हलगी, डफडे वाजवण्याचे काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे असे. देवळातील सनई-चौघडा गुरवांकडे. बँड आला तेव्हा यांपैकी अनेक घराण्यांनी तो उचलला. गणवेश चढला आणि झालर लागली, पण गावाच्या नजरेत वाजवणे हे ‘काम’च राहिले. काम करणाऱ्याचे छायाचित्र काढण्याची रीत नव्हती.

१०/
मुंबईतील हॉटेलांत चित्र वेगळे होते. लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जॅझ बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्याच्या वादकांनी तिथे स्वतःचे बँड उभे केले; ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतले ठळक नाव. बँडचे छायाचित्र हे इथे जाहिरातीचे साधन होते. वादक रांगेत उभे राहत आणि मधल्या ड्रमवर बँडचे नाव रंगवलेले असे. चित्राची ओळख चित्रातच लिहिलेली असे.

११/
कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, याने काय फरक पडतो हे १९४० च्या दशकात दिसले. कम्युनिस्ट पक्षाचे छायाचित्रकार सुनील जाना हे मुंबईत पक्षाच्या नियतकालिकासाठी काम करत. त्यांनी इप्टाच्या कलापथकातील कलावंतांची छायाचित्रे घेतली. पक्षाला कलावंत हाच विषय वाटत होता, म्हणून तो चौकटीच्या मध्यभागी आला. याच काळात, १९४४ मध्ये, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले.

१२/
तंत्राची कोंडी यानंतर फुटली. हातात मावणारा लायका कॅमेरा १९२५ मध्येच बाजारात आला होता. छोट्या कॅमेऱ्यासाठीची कोडॅकची वेगवान ट्राय-एक्स फिल्म १९५४ मध्ये आली आणि पुढे ती ४०० एएसए म्हणून ओळखली गेली. १०० एएसए फिल्मला लागणाऱ्या वेळाच्या एक चतुर्थांश वेळात तिच्यावर चित्र उमटते. रंगमंचावरच्या दिव्यांत, फ्लॅश न उडवता, तान घेणारा गायक आता टिपता येऊ लागला.

१३/
भारतात फिल्म महागच होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ हे नाव कृष्णधवल छायाचित्रणात घरोघरी गेले. तरीही एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, धुलाई वेगळी, छपाई वेगळी. प्रत्येक वेळी बटण दाबणे म्हणजे पैसे मोजणे होते. ते कोणावर मोजायचे, हा प्रश्न प्रत्येक छायाचित्रकारापुढे होता.

१४/
पुण्यात या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पुढे छायाचित्रकारांचीही शाळा झाला. सतीश पाकणीकर यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी अभिजात गायक-वादकांच्या भावमुद्रा वर्षानुवर्षे टिपल्या. श्रोत्यांनी ती छायाचित्रे प्रदर्शनांत पाहिली, दिनदर्शिकांतून घरी नेली. या छायाचित्रांखाली प्रत्येक कलावंताचे नाव असते. तिथे नाव हेच मोल असते.

१५/
आता पुन्हा वऱ्हाडातल्या वरातीकडे वळू. बँड पुढे चालतो, नवरदेव मागे घोड्यावर असतो. स्टुडिओवाल्याला नवरदेवाचा चेहरा हवा असतो, कारण अल्बमचे पैसे त्याचे घर देणार असते. म्हणून तो बँड आणि घोडा यांच्यामध्ये, नवरदेवाकडे तोंड करून, उलट पावली चालतो. बँडकडे त्याची पाठ असते. रात्रभर तो बँड ऐकतो, पण पाहत नाही.

१६/
वादक चुकून चौकटीत आला, तरी फ्लॅश त्याला गाळतो. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दोन मीटरवरच्या नवरदेवावर पुरेसा पडलेला उजेड चार मीटरवर एक चतुर्थांश उरतो, दहा मीटरवर पंचविसावा भाग. गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे आणि ट्रम्पेटवाला त्या काळोखात विरून जातात. गावगाड्याने ज्याला कडेला ठेवले, त्याला भौतिकशास्त्राच्या नियमानेही कडेलाच ठेवले.

१७/
हा काळोख अटळ नव्हता, याचा पुरावा तमाशाने दिला. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी महाराष्ट्रातील तमाशा फडांबरोबर फिरून काम केले आणि २००६ मध्ये ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक लोकवाङ्मय गृहाने प्रकाशित केले. त्यात बोर्डावरची लावणी आहे, तसे बोर्डामागचे जगणेही आहे. ढोलकी-हलगीच्या कलेला जो वेळ आणि फिल्म सहसा मिळत नसे, ती इथे मिळाली. बदल कॅमेऱ्यात झालेला नव्हता, तो उभे राहण्याच्या जागेत झाला होता.

१८/
मुंबईच्या रॉक बँडांना आणखी एक मार्ग सापडला: त्यांचे श्रोतेच त्यांचे छायाचित्रकार झाले. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ मध्ये जॅझ यात्रा सुरू झाली, तर १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकने स्थानिक बँडांना मोठे व्यासपीठ दिले. पुढे रुग्णालयांच्या शेजारामुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि तेथील मैफली थांबल्या. त्या रात्री कशा होत्या, हे आज बऱ्याच अंशी प्रेक्षकांतून घेतलेल्या छायाचित्रांवरूनच समजते.

१९/
मग गावच्या बँडचा इतिहास लिहायचाच नाही का? लिहिता येतो, पण अल्बम कडेकडेने वाचावा लागतो. ढोलाच्या कातड्यावर किंवा बँडगाडीवर नाव आणि गाव रंगवलेले असते. सोबत ०७२६३ दिसला, तर तो खामगावचा एसटीडी कोड. मागच्या वाहनावर एमएच-२८ असेल, तर वाहन बुलढाणा जिल्ह्यात नोंदलेले आणि छायाचित्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरचे. दहा अंकी मोबाइल क्रमांक दिसला, की आणखी पुढचा काळ.

२०/
गणवेशही बोलतो. कोणत्या वर्षी क्लॅरिनेट कमी झाल्या, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड कधी गाडीवर चढले, पायी चालणारा ताफा कधी चाकांवर आला, हे अल्बम तारखेनुसार मांडले तर दिसू लागते. लग्नाची तारीख पत्रिकेवर छापलेली असतेच. नवरदेवासाठी काढलेले छायाचित्र अशा रीतीने वादकाच्या इतिहासाचे साधन ठरते. काढणाऱ्याच्या मनात नसलेलेही कॅमेऱ्याने नोंदवून ठेवलेले असते.

२१/
आज मोबाइलमुळे बँडकडे पाठ करण्याचे कारण उरलेले नाही. वरातीतला प्रत्येक जण चित्रण करतो, बँडवाले स्वतःही करतात आणि यूट्यूबवर टाकतात. त्या चित्रफितींवर बँडचे नाव असते, गाण्याचे असते, मालकाचा क्रमांकही असतो. ट्रम्पेट कोण वाजवतो आहे, हे बहुतेक वेळा नसते. १८६० च्या दशकात माणसाऐवजी जातीचे नाव लिहिले गेले. आज माणसाऐवजी ताफ्याचे लिहिले जाते.

२२/
ही उणीव भरून काढायला अभिलेखागार लागत नाही. १९७०-८० च्या दशकांत ट्रम्पेट वाजवणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. अल्बममधल्या अर्ध्या कापलेल्या चेहऱ्याला नावाने ओळखणारी माणसे अजून त्याच गावांत आहेत. छायाचित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने चार शब्द लिहिले, म्हणजे नाव, वाद्य, गाव आणि वर्ष, तर तो कागद त्या दिवसापासून लग्नाचा फोटो राहतोच. शिवाय एका वादकाच्या आयुष्याची, बहुधा पहिलीच, लेखी नोंदही होतो.