घरमालकाच्या बाजूने

मुंबईच्या घरभाड्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक भाडेकरूच्या खोलीत बसून. चाळ, पागडी, भाडेपावती हे सारे आपल्याला त्या बाजूने ठाऊक आहे. मालकाची बाजू मात्र वकिलांच्या फायलींत आणि करसल्लागारांच्या टेबलांवरच राहिली. आज निवृत्तीच्या पैशांतून ठाण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारी शिक्षिकाही कायद्याच्या नजरेत घरमालकच आहे. तिला आणि कायद्याच्या नव्या विद्यार्थ्याला या विषयाची वाट सापडावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.

वाचकांनी आरंभीच एक भेद मनाशी पक्का करावा: मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. या क्षेत्रातले जवळजवळ सगळे तंटे या दोहोंमधल्या अंतरातून उपजले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रण आले. घरे कमी आणि माणसे फार, अशा वेळी ते न्याय्यच होते. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले, आणि मुदतीमागून मुदत वाढत हा कायदा अर्धे शतक टिकला. भाडे गोठले, पण चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी गोठली नाही. दुरुस्ती थांबली, इमारती कोसळू लागल्या, आणि अखेर १९६९ साली शासनाला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ उभारावे लागले.

मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एके काळी वाजवी असलेली प्रमाणभाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात मनमानी ठरली आहे. कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून न्यायालयाने तो रद्द केला नाही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. दोनशे रुपये भाड्याच्या खोलीवर ती पहिल्या वर्षी महिन्याला आठ रुपये होते. जुन्या इमारतींच्या मालकांना पुनर्विकासावाचून दुसरा मार्ग का दिसत नाही, हे या आठ रुपयांवरून लक्षात येईल.

नव्या मालकाचा संबंध येतो तो मात्र लिव्ह अँड लायसन्स कराराशी. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणीची गरज नाही, ही समजूत अजून घट्ट आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. १९९९ च्या याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. नोंदणी केली असेल तर कलम २४ तुमच्या पाठीशी उभे राहते: मुदत संपूनही घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेले परवानाधारक एका दुरुस्तीने भाडेकरू ठरले होते. त्या धास्तीत वाढलेल्या पिढीला या कलमाचे मोल विचारून पाहा.

पैशांची बाजू रुक्ष वाटेल, पण एकदा आकडे मांडून पाहा. महिना तीस हजार भाडे म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. महापालिकेचा मालमत्ता कर तुम्ही भरलेला, समजा, १२,०००. उरलेल्या ३,४८,००० मधून तीस टक्के, म्हणजे १,०४,४०० रुपये, सरसकट वजावट. कर्ज नसेल तर २,४३,६०० रुपये करपात्र. रंगकाम, गळती, प्लंबर, दलाली यांवर प्रत्यक्षात कितीही खर्च झाला, तरी वजावट तेवढीच. गृहकर्जाचे व्याज भाड्याहून जास्त असेल, तर नव्या करप्रणालीत तो तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. घर घेण्याआधी हा हिशेब करणारे गुंतवणूकदार थोडे, आणि मला याची खरोखर काळजी वाटते.

वाचकांनी कलम २४ आणि ५५ आधी मूळ मजकुरातून वाचावीत, मग मालपे निकाल. त्यानंतर प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन खटल्याकडे वळावे. उपकरप्राप्त इमारती मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत संपादित करण्याच्या १९८६ च्या तरतुदीतून तो उभा राहिला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ठरवले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतींचे भांडण राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदापर्यंत कसे पोहोचले, हे त्या निकालात सविस्तर वाचायला मिळते.