सुरणाचे एक पान : नामकरणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

सुरण हे झुडूप नव्हे. वरठीपासून कोकणापर्यंत जेथे जेथे सुरण लावला जातो, तेथे पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा ठिपकेदार दांडा खोड भासतो; वस्तुतः तो पानाचा देठ असतो. त्यावर छत्रीसारख्या पसरलेल्या 'फांद्या' म्हणजे एकाच पानाचे विभाग होत. एका कंदातून एका हंगामात सहसा असे एकच पान येते. ते वाळेपर्यंत जुना कंद झिजून त्याच्या जागी नवा तयार होतो. शेतकऱ्याचे सारे उत्पन्न ही त्या एका पानाची कमाई होय.

नामकरणात मात्र या पानाची उपेक्षाच झाली. 'अर्शोघ्न' हे संस्कृत नाव कंदाच्या मूळव्याधीवरील उपयोगावरून पडले. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' ग्रंथाने सुरणाला कंदशाकांत श्रेष्ठ ठरविले, तेही कंदासाठीच.

डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. मराठी अभ्यासकांची दृष्टी बहुधा तेथेच थांबते. सुरण येतो तो १६९२ च्या अकराव्या खंडात. या ग्रंथातील वनस्पतींची शास्त्रीय नावे लावताना डेन्स्टेट या जर्मन अभ्यासकाने १८१८ मध्ये 'पिओनीफोलियम', म्हणजे पिओनीसारख्या पानाचे, हे विशेषण योजले. पान प्रथमच नावात आले.

परंतु ते टिकले नाही. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनातील 'कॅम्पॅन्युलेटम' हे नाव, घंटाकृती पुष्पकोशावरून दिलेले, रूढ झाले. १८३४ पासून ते 'ॲमॉर्फोफॅलस' या प्रजातीत गेले आणि कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथानेही तेच स्वीकारले. यात आश्चर्य नाही. तत्कालीन वर्गीकरण फुलावर उभे होते, आणि एवढे मांसल पान दाबून कागदावर चिकटविणे जिकिरीचे. शेतकऱ्याची स्थिती नेमकी उलट! फुलण्याआधीच कंद खणला जात असल्याने त्याला पान परिचित, फूल अपवादाने दिसणारे. शिवाय पान व फूल एका वेळी येतही नाहीत.

१९७७ मध्ये निकल्सन यांनी अग्रक्रमाच्या नियमानुसार डेन्स्टेट यांचे विशेषण पुनःस्थापित केले. त्यापूर्वीच्या कृषिग्रंथांत फुलाचेच नाव आढळते. त्यामुळे सुरणाचे जुने संदर्भ दोन्ही नावांखाली शोधावे लागतात.