वायुभार, अवर्षण आणि वर्ध्याचा दुष्काळ

वर्धा जिल्हा दोन्ही समुद्रांपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही त्याच्या पर्जन्यमानाचा निर्णय समुद्रावरील वायुभारानेच होतो. उन्हाळ्यात वायव्य भारताची भूमी तापून तेथे कमी भाराचा प्रदेश निर्माण होतो. त्याच वेळी दक्षिण हिंदी महासागरात मॅस्कारीन बेटांजवळ जास्त भार असतो. या तफावतीतून नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागतात. कोकण किनाऱ्यावर ते सह्याद्रीस अडून विपुल वर्षाव करतात व तेथील उष्मा शमवितात. पर्वत ओलांडणारा प्रवाह मात्र बराच शुष्क झालेला असतो. म्हणून आर्वी-हिंगणघाटकडील शेतकऱ्यास बंगालच्या उपसागरात उद्भवून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी भाराच्या आवर्तांची वाट पाहावी लागते. कमी भाराचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी गेला, की येथे पावसात खंड पडतो.

या दूरच्या संबंधांकडे अभ्यासकांचे लक्ष दुष्काळांनीच वेधले. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १८७७ च्या अवर्षणानंतर, १८८४ मध्ये, खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिमवर्षाव व मोसमी पाऊस यांचा संबंध मांडला. तथापि १८९९ च्या अवर्षणाची पूर्वसूचना खात्यास देता आली नाही. १९०४ मध्ये प्रमुखपदी आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. पॅसिफिकवर भार चढला असता हिंदी महासागरावर तो उतरतो आणि याच्या उलटही घडते, असे त्यांना आढळले. १९२४ मध्ये त्यांनी यास ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पुढे १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी एल निन्योशी त्याची सांगड घातली. १८७७ व १८९९ ही दोन्ही वर्षे एल निन्योचीच होत.

परंतु वायुभाराने अवर्षणाचा उलगडा होतो, दुष्काळाचा नव्हे. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि वर्ध्याचा कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. रोख पिकाच्या या प्रदेशात पीक बुडाले, की शेतमजुराची मजुरीही बुडे. धान्य रेल्वेने आले तरी ते घेण्यास त्याच्यापाशी पैसा नसे. पाऊस का पडला नाही, हे वायुभाराच्या नकाशावरून सांगता येईल. उपासमार कोणाच्या वाट्याला आली, हे मात्र मजुरी, सारा व बाजारभाव यांच्या दप्तरांतच शोधावे लागते.