शेंडी आणि घेरा : पागोट्याखालचा इतिहास

१/ घरात पणजोबांचे छायाचित्र असेल तर ते एकदा निरखून पाहा. डोक्यावर बहुधा पागोटे, रुमाल किंवा टोपी दिसेल. उघड्या डोक्याने चारचौघांत वावरणे तेव्हा अशिष्ट मानले जाई. त्या पागोट्याखाली काय होते, त्याची ही कथा.

२/ कपाळापासून मानेपर्यंत डोके तासलेले, टाळूवर केसांचे वर्तुळ आणि त्याच्या मधोमध लांब राखलेली शेंडी. त्या वर्तुळाला म्हणत ‘घेरा’. शेंडी गोखुराएवढी, म्हणजे गाईच्या खुराइतकी असावी, असा संकेत होता. शेंडी केवळ ब्राह्मणच राखत असे नाही. अनेक शेतकरी कुटुंबांतही ती होती.

३/ तिचे मूळ चौल संस्कारात आहे. गृह्यसूत्रांच्या परंपरेत कुळानुसार शेंडीची जागा आणि संख्याही वेगळी : वसिष्ठ कुळात ती उजवीकडे, तर आंगिरसांत पाच शेंड्या. डोके पाहून कूळ ओळखावे, अशी ती व्यवस्था.

४/ हे डोके घडवणारा हात बलुतेदाराचा. मराठवाड्यात त्याला ‘वारीक’ही म्हणतात. धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा. आणि मोबदला रोख नव्हे, तर सुगीला मिळणारे धान्य. परभणी जिल्ह्यात गोदाकाठी वसलेले गंगाखेड ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. अशा तीर्थक्षेत्री क्षौर हा धर्मविधीचाच भाग असे.

५/ परंतु त्याच वस्तऱ्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. पुरुषाची शेंडी हा त्याचा मान. काही उच्चवर्णीय घरांत मात्र पती वारताच स्त्रीचे सारे केस उतरवले जात. एकाच घरात, एकाच वस्तऱ्याने, एकाला ओळख मिळे आणि दुसरीची ओळख पुसली जाई.

६/ या प्रथेला वस्तरा धरणाऱ्यांनीच आव्हान दिले. १८९० साली मुंबईत सत्यशोधक कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार त्यांनी केला. ज्यांना समाजाने सेवेकरी मानले, त्यांनी समाजाला नीती शिकवली.

७/ जगात अन्यत्र केशरचना राजाज्ञेने बदलल्या. चीनमध्ये १६४५ साली मांचू सत्तेने पुरुषांवर वेणीची सक्ती केली. १९११ च्या क्रांतीनंतर ती गेली. जपानमध्ये १८७१ च्या आज्ञेने पुरुषांना पारंपरिक बुचडा सोडण्याची मोकळीक मिळाली. आपली शेंडी मात्र कोणत्याही फर्मानाने गेली नाही.

८/ मग ती गेली कशी? शाळा, कचेरी, शहरातील नोकरी आणि केस कापण्याचे यंत्र यांनी ती हळूहळू मागे सारली. निजामाच्या राज्यातील परभणीतून १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे धावू लागली, आणि शहरी चालींना खेड्यांची वाट सापडली. बलुत्याची जागा रोख पैशाने घेतली, पाराखालच्या बैठकीची जागा सलूनच्या खुर्चीने. घेरा आधी गेला. शेंडी पुरोहितांच्या आणि काही वृद्धांच्या डोक्यावर उरली.

९/ भाषेने मात्र तिला जपले. आपण आजही एखाद्याला ‘शेंडी लावतो’. ‘शेंडी तुटो वा पारंबी’ म्हणत इरेला पेटतो. प्रतिज्ञा करताना ‘शेंडीला गाठ मारतो’. तेव्हा ‘मुद्राराक्षस’ नाटकातील मोकळ्या शिखेचा चाणक्य आठवल्यावाचून राहत नाही.

१०/ शेवटी पुन्हा गंगाखेडला येऊ. ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनीची वेणीफणी स्वतः विठ्ठल करतो, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. ज्या समाजाने केसांवरून माणसाची पायरी ठरवली, त्याच समाजाने देवाच्या हाती दासीची फणीही दिली. आपला इतिहास वाचताना वस्तरा आणि फणी, दोन्ही ध्यानात ठेवावीत.