आयर्लंड सायकलवरून: रस्ता निवडायचा कसा?

गेले काही आठवडे माझ्या फोनमध्ये एकच नकाशा उघडा आहे. आयर्लंडचा. सायकल घेऊन चार-पाच दिवस तिथल्या खेड्यापाड्यांतून फिरायचं, एवढं पक्कं आहे. रस्ता ठरायचाय. व्हिडिओ बघावेत तर सगळेच रस्ते एकापेक्षा एक: हिरवी कुरणं, दगडी गडगे, मेंढ्या, आणि लांबच लांब माणूस नाही. ही शेवटची गोष्ट मला खटकली. एवढ्या हिरव्या मुलखात माणसं गेली कुठे?

म्हणून आज आपण तीन रस्ते घेऊ आणि प्रत्येकाला विचारू, बाबा रे, तुझ्यावरून आधी कोण गेलं?

आधी दोन आकडे लक्षात ठेवा. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या होती सुमारे ८२ लाख. १८५१ मध्ये ती उरली सुमारे ६५ लाख. मधल्या काळात काय झालं? १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर, कारण बाकीचं पीक विकून जमीनदाराचा खंड भरायचा. सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि साथीनं गेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. आणि ऐका, त्याच वर्षांत देशातून धान्य आणि लोणी बाहेर जात होतं. अन्न होतं, विकत घ्यायला पैसा नव्हता. आज उत्तर आणि दक्षिण मिळून अख्ख्या बेटाची लोकसंख्या मोजली, तरी ती १८४१ च्या आकड्याला पोचत नाही.

सरकारनं काय केलं? दुष्काळी कामं काढली. आपल्या आजी-आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या गोष्टी सांगितल्या असतील, तसलीच. मार्च १८४७ पर्यंत सात लाखांहून जास्त माणसं या कामांवर होती. उपाशी पोटी दगड फोडायचे आणि रस्ते बांधायचे. त्यातले काही रस्ते डोंगरात मध्येच संपतात, पुढे काही नाही. लंडनच्या तिजोरीतून या मदतीवर लक्ष ठेवणारा अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेल्यन. मदत कमीत कमी हवी, अशा मताचा. हाच माणूस पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्याकडे आला.

आता रस्ता पहिला: मेयो परगण्यातली डूलाखची खिंड. लुईसबर्ग गावाकडून डेल्फीकडे जाणारी सडक, दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये काळंशार तळं. फोटोसाठी याच्यासारखी जागा नाही. मार्च १८४९ मध्ये लुईसबर्गला शेकडो भुकेली माणसं मदतीसाठी जमली होती. त्यांना सांगितलं, तपासणी करणारे साहेब उद्या सकाळी डेल्फीला भेटतील, तिकडे या. जवळपास १९ किलोमीटर, थंडीवाऱ्यात, पायी. तिथे पोचल्यावर हाती काही लागलं नाही. परतताना कित्येक जण वाटेतच गेले. आज तिथे एक साधा दगडी क्रॉस आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं एक वाक्य कोरलंय. सायकलसाठी म्हणाल तर चढउतार आहेत, वारा जबरदस्त आहे आणि गाड्यांसोबत चालवावं लागतं. नवख्यांनी जपून.

रस्ता दुसरा: ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल, सुमारे ४२ किलोमीटर, गाड्यांना बंदी, एका बाजूला समुद्र. चढ अगदी सौम्य. का? कारण हा जुना रेल्वेमार्ग आहे आणि वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही. या मुलखातल्या गरिबीवर उपाय म्हणून रेल्वे आणली. पण लोक त्याच गाडीनं बाहेर पडले, स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला. जून १८९४ मध्ये अशाच मजुरांची होडी वेस्टपोर्टजवळ उलटली, ३२ जण बुडाले. मार्गाचं उद्घाटनही झालं नव्हतं, तरी त्यांचे मृतदेह अ‍ॅकिलला नेले ते याच रुळांवरून. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किन्टिलॉकला आग लागून अ‍ॅकिलची १० मुलं गेली, तीही याच गाडीनं घरी आली. त्यानंतर दोन-एक आठवड्यांत मार्ग कायमचा बंद. गावात एक जुनं भाकीत सांगतात: लोखंडी चाकांची गाडी येईल आणि पहिल्या व शेवटच्या फेरीला प्रेतं आणेल. भाकीत खरं-खोटं सोडा, दोन्ही घटना मात्र घडलेल्या आहेत.

रस्ता तिसरा: स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन, १६५ किलोमीटर, बराचसा रॉयल कॅनॉलच्या काठानं. हा जवळजवळ सपाट, कारण कालव्याचं पाणी चढत नाही. जिथे लॉक असेल तिथेच थोडी उंची बदलते. मे १८४७ मध्ये स्ट्रोक्सटाउनचा जमीनदार डेनिस माहोन यानं आपल्या १,४९० कुळांना कॅनडाला पाठवायचं ठरवलं. त्यांना पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. ही माणसं, पोराबाळांसह, कालव्याच्या काठानं चालत डब्लिनला गेली. तिथून लिव्हरपूल, तिथून जहाज. त्यातल्या ‘व्हर्जिनियस’ या एका जहाजावर ४७६ प्रवासी होते. किनारा दिसण्याआधीच १५८ मेले. माहोनला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोळी घालून मारलं. आज त्या वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांची ब्राँझमधली जोडी ठेवलीय. बाकी काही नाही, फक्त बूट.

मग प्रश्न येतोच: कुणाच्या तरी मरणाच्या वाटेवर आपण सुट्टी घालवायची का? मी यावर बराच विचार केला. माझं म्हणणं असं, की ती वाट तिथल्याच लोकांनी खुणा लावून मोकळी केलीय, माणसं यावीत म्हणून. जी गावं एकेकाळी याच वाटेनं रिकामी झाली, तिथे सायकलवाले आले की चहाचं दुकान चालतं, खोली भाड्यानं जाते. न जाण्यानं कुणाचा मान राखला जात नाही. मात्र जायचं तर माहीत करून जायचं. सगळं माहीत असूनही ती कुरणं सुंदरच दिसणार, आणि त्यात वावगं काही नाही.

माझी निवड तिसरी. रोज ५५ किलोमीटर धरले तर तीन दिवस, गाड्या कमी, चढ जवळपास नाही. आयर्लंडमध्ये वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून स्ट्रोक्सटाउनहून डब्लिनकडे जायचं, वारा पाठीशी राहतो. त्या १,४९० जणांची दिशाही हीच होती. उरलेल्या दिवसांत डब्लिनहून ट्रेननं वेस्टपोर्ट आणि मग अ‍ॅकिल. ट्रेनमध्ये सायकलची जागा आधीच बुक करा. रेनकोट विसरू नका. आणि हो, तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात.

तुमच्या पुढच्या राइडचा रस्ता कोणता? तो कुणी बांधला आणि त्यावरून कोण गेलं, हे घरातल्या किंवा गावातल्या जुन्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!