दहा एकरांचं फूल आणि दोन कायदे

आजचा विषय एक फूल आहे, पण सुरुवात करावी लागेल ती एका कायद्यापासून. 10 मे 1872 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी खाणकामाच्या कायद्यावर सही केली. कॅलिफोर्नियात सोनं सापडून तेव्हा पाव शतक होत आलं होतं आणि पश्चिमेच्या कोरड्या मुलखात माणसं वसवायची सरकारला घाई होती. म्हणून कायद्याने सांगितलं की सरकारी जमिनीवर जा, खनिज शोधा, खुंट्या ठोका, हक्क नोंदवा. निघालेल्या खनिजावर सरकारला स्वामित्वधन द्यायचीही गरज नाही. (ज्या शोशोनी लोकांचा तो मुलूख होता त्यांना कुणी विचारलं नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) हा कायदा आजही लागू आहे, बरं का.

आता नेवाडा राज्यात येऊ. तिथल्या एस्मेराल्डा परगण्यात सिल्व्हर पीक नावाची डोंगररांग आहे. तिथे फूल उगवतं ती जागा सहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही थोडी वर. पण सह्याद्रीचा पाऊस डोळ्यांसमोर आणू नका. इथे सगळं रखरखीत आहे. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीच्या प्रदेशात एक सरोवर होतं. ते गेलं, तळाचा गाळ राहिला, आणि त्याची फिकट पांढुरकी माती आज उतारांवर उघडी पडली आहे. तिच्यात बोरॉन भरपूर आहे आणि लिथियमही. एवढं बोरॉन बहुतेक झाडांना सोसत नाही, त्यामुळे हे पट्टे दुरून बोडकेच दिसतात.

1983 साली जेरी टीम नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ (टीम हे आडनाव आहे, चमू नव्हे) नमुने गोळा करत तिथून चालले होते. बोडक्या वाटणाऱ्या उतारावर त्यांना जमिनीलगत वाढलेली, निळसर करड्या पानांची झुडपं दिसली. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्यावर फिकट पिवळ्या फुलांचे गोंडे येतात. 1985 मध्ये जेम्स रिव्हील यांनी या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं एरिओगोनम टीमाय. उपवासाला कुट्टूचं पीठ खातात ना, त्या कुट्टूच्याच कुळातली, पण वेगळ्या प्रजातीची ही दूरची नातेवाईक. रानात ती त्या एकाच डोंगररांगेत आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आठ छोट्या तुकड्यांत विखुरलेली, आणि सगळ्यांची जागा मिळून भरते साधारण दहा एकर. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याची जमीन असते तेवढी!

आता दुसरा कायदा. डिसेंबर 1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यावर सही केली. पाचच वर्षांत त्याचा दम दिसला. टेनेसीतलं टेलिको धरण जवळजवळ बांधून झालेलं असताना, एका बोटभर माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं. पुढच्या वर्षी काँग्रेसने धरणाला सूट दिली ते सोडा. पण या कायद्यात एक गोम आहे. प्राण्याला मारायला जवळजवळ सर्वत्र बंदी, वनस्पतीला मात्र मुख्यतः केंद्र सरकारच्या जमिनीवरच संरक्षण. याचं मूळ जुन्या इंग्रजी कायद्यात आहे. रानातलं जनावर राजाचं, झाड मात्र जमीनमालकाचं! आपलं फूल त्यातल्या त्यात नशीबवान. ते सरकारी जमिनीवर उगवतं.

पण सरकारी जमीन म्हटली की 1872 चा कायदाही आलाच. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लिथियमची मागणी वाढली आणि आयोनियर या ऑस्ट्रेलियन कंपनीने नेमक्या त्याच जागी खाणीचा प्रस्ताव आणला. वर्षाला सुमारे 3 लाख 70 हजार गाड्यांना पुरेल इतकं लिथियम निघेल, असं कंपनीचं म्हणणं. आणि इथे खलनायक शोधायला जाऊ नका. पेट्रोल कमी जाळायचं तर लिथियम हवं, हे फुलाच्या बाजूने भांडणारेही नाकारत नाहीत. अडचण पत्त्याची आहे. फुलाचा आणि खनिजाचा पत्ता एकच.

2019 मध्ये सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेने फुलाला संरक्षण देण्याची मागणी केली. सप्टेंबर 2020 मध्ये कार्यकर्ते डोंगरावर गेले तर हजारो झुडपं उखडलेली, मुळं कुरतडलेली. संस्थेच्या मते 17 हजारांहून अधिक. माणसाचंच काम, असा संशय घेतला गेला. मग सरकारने डीएनए तपासणी करवली आणि गुन्हेगार निघाल्या खारी! दुष्काळात पाणी मिळेना म्हणून त्यांनी मुळं खाल्ली होती. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. एका कोरड्या हंगामात भुकेल्या खारी एवढं करू शकतात, कारण साऱ्या जगातली ही झुडपं तेवढीच.

डिसेंबर 2022 मध्ये फूल अधिकृतपणे संकटग्रस्त ठरलं आणि भोवतालची 910 एकर जमीन अत्यावश्यक अधिवास म्हणून जाहीर झाली. दहा एकरांसाठी 910 कशाला, असं विचारतात लोक. तर फुलाला परागीभवन करणाऱ्या मधमाश्या, गांधीलमाश्या, भुंगे लागतात, आणि त्यांना आजूबाजूची इतर झाडं लागतात. झुडपांना नुसतं कुंपण घालून भागत नाही.

कंपनीने आराखडा बदलला, झुडपांना थेट धक्का लागणार नाही असं सांगितलं, हरितगृहात रोपंही वाढवली. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने खाणीला मंजुरी दिली. त्या 910 एकरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा कामाखाली येणार आहे. प्रजातीचं अस्तित्व त्याने धोक्यात येत नाही, असा वन्यजीव खात्याचा अभिप्राय. म्हणजे ज्या खात्याने दोन वर्षांपूर्वी फुलाला संकटग्रस्त ठरवलं, त्याचाच. लगोलग पर्यावरण संस्था आणि शोशोनी लोकांची संघटना न्यायालयात गेल्या. जानेवारी 2025 मध्ये सरकारने प्रकल्पाला 99 कोटी 60 लाख डॉलरच्या कर्जाची हमी दिली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्या दक्षिण आफ्रिकी भागीदाराने अंग काढून घेतलं. त्याचं कारण होतं पैशाचं गणित.